कमरेला दौत बांधलेला माणूस

न बोलावलेला पाहुणा घरात येऊन उभा राहिला आणि त्याला ‘बसा’ म्हणायचीही हिंमत झाली नाही, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? कौशल्याबाईंच्या बाबतीत झालं, आणि तेही ऐन संध्याकाळी, घर बायकांनी भरलेलं असताना.

उपवासकाळातला बुधवार होता. त्यांच्या चर्चच्या मंडळीत ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस दर बुधवारी एकेका घरी भगिनी मंडळाची प्रार्थना होते. ज्या घरी सभा, त्या घरच्या बाईने बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा. त्या बुधवारी पाळी कौशल्याबाईंची होती. कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. घरात त्या आणि मुलगा समाधान, दोघंच. दुपारीच त्यांनी सतरंजी अंथरली, शेजारच्या निशाकडून दोन खुर्च्या आणल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

“कौशल्याताई, चहात साखर नाही,” निशा म्हणाली. “उपवासकाळ म्हणून, की आम्ही लवकर उठावं म्हणून?”

बायका हसल्या. कौशल्याबाईंनी चष्मा लावला आणि यहेज्केल संदेष्ट्याचा नववा अध्याय काढला. पाळकसाहेबांनी तोच नेमून दिला होता. नगरावर देवाचा न्याय येणार असतो. त्याआधी तागाचे कपडे घातलेला, कमरेला दौत बांधलेला एक जण गल्ल्यांमधून फिरतो. तिथल्या अन्यायाबद्दल जे उसासे टाकतात, रडतात, त्यांच्या कपाळावर तो खूण करतो. त्याच्या मागून हत्यारं घेऊन सहा जण येतात. खूण असेल त्याला हात लावायचा नाही. बाकी कुणाची गय करायची नाही. शेवटी तो दौतवाला परत जाऊन सांगतो, नेमून दिलेलं काम झालं.

वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. समाधान बांधकामावर सुपरवायझर होता. गेल्या पावसाळ्यात कोथरूडकडच्या त्याच्या साइटची भिंत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली आणि चार जण गेले. भिंतीचा तडा समाधानने आठ दिवस आधी पाहिला होता. तरी ‘भिंत ठीक आहे’ या कागदावर सही त्याचीच होती. तडा त्याने पाहिला होता, हे फक्त आईला माहीत होतं. आणि आता तो रोज पोटभर जेवत होता, गाढ झोपत होता. त्या झोपेचीच कौशल्याबाईंना भीती वाटायची.

प्रार्थनेला डोळे मिटले. निशा भिंतीखाली गेलेल्या त्या चौघांसाठी प्रार्थना करू लागली, आणि करता करता रडू लागली. एकेक करून सगळ्याच मुसमुसायला लागल्या. तेवढ्यात कौशल्याबाईंना शाईचा वास आला. शाळेत असताना पाण्यात गोळ्या विरघळवून करायचे ना, त्या शाईचा. त्यांनी डोळे उघडले.

दाराशी, चपलांजवळ एक माणूस उभा होता. अंगात जाडेभरडे पांढरे कपडे. कुणाचे तरी यजमान न्यायला आले असतील, असं त्यांना वाटलं. मग त्याच्या कमरेची दौत दिसली.

तो आत आला. एकेकीपुढे वाकला. कुणीच डोळे उघडले नाहीत. शेवटी तो कौशल्याबाईंपुढे आला, आणि कपाळावर काहीतरी ओलं, गार टेकलं... एकदा आडवं, एकदा उभं.

‘आमेन’ झालं. निशाने मान वर केली. तिच्या कपाळावर निळ्याकाळ्या दोन रेघा होत्या.

“निशा, कपाळाला काय लागलंय?”

निशाने हात फिरवून बोटं पाहिली. स्वच्छ होती. “घाम. पंखा दोनवर ठेवलाय तुम्ही.”

साडेसहाला बायका गेल्या. तो माणूस मात्र पुन्हा दाराशी जाऊन थांबला. पावणेसातला समाधान जिना चढून आला आणि त्याच्या अंगाला अंग घासून, त्याच्याकडे न बघता, आत शिरला. त्या माणसाने वळून समाधानच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लेखणी दौतीत ठेवली आणि तो जिना उतरून गेला.

“समाधान...” कौशल्याबाई म्हणाल्या. “ती माणसं आठवतात का रे तुला? भिंतीखालची...”

“आई, आत्ता येतोय. पाणी तरी दे.”

“एकदा तरी रड रे त्यांच्यासाठी... माझ्यासाठी रड...”

समाधान बूट काढता काढता थांबला. “रडलो होतो ना त्या दिवशी. तूच तोंडावर हात दाबलास. शेजारी ऐकतील, नोकरी जाईल, पोलीस येतील म्हणालीस. मग शिकलो गप्प बसायला. आज काय झालं?”

 कौशल्याबाईंनी आपल्या कपाळावर बोट घासलं. बोटाला निळीकाळी शाई लागली. तेच बोट त्यांनी मुलाच्या कपाळावर ओढलं, आडवं, उभं. काही उमटलं नाही. पुन्हा ओढलं, पुन्हा.

“आई, हात किती गार पडलेत तुझे...”

तेव्हाच जिन्यात पावलं वाजली. जड, सावकाश, खूप जणांची. फरशीवरून लोखंड ओढल्यासारखी खरखर येत होती. पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर थांबली. कौशल्याबाईंनी कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. पावलं दाराबाहेर आली आणि थांबली.

खाली कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी, नेमून दिलेलं काम झालं, असं शांतपणे सांगत होतं.

मग सगळं गप्प झालं. गेले वाटतं, म्हणून कौशल्याबाई वळल्या. समाधान सतरंजीवर गुडघ्यात डोकं घालून रडत होता. ओक्साबोक्शी. रडताना चार नावं घेत होता. त्यातली दोन लहान मुलांची होती. ही नावं तोवर त्यांच्या घरात कधी कुणी उच्चारली नव्हती.

त्यांनी धावत जाऊन दार उघडलं. “अहो... थांबा... रडतोय तो... बघा ना, आता रडतोय...”

जिना रिकामा होता. दिवे लागलेले होते. निशाच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि ती दारात आली. “कुणाला हाक मारताय, ताई?”

कौशल्याबाई वळल्या. आत येऊन मुलाजवळ बसल्या. या खेपेला त्यांनी त्याला गप्प केलं नाही. रडून रडून तो न जेवताच झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता समाधान अंथरुणात थंड सापडला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. उशी आसवांनी भिजली होती, म्हणून निशाने ती गच्चीवर उन्हात टाकली. मार्चचं कडक ऊन होतं. दहाच्या सुमाराला ती उशी आणायला गेली, तेव्हा खालची फरशी ओली झाली होती आणि उशीतून अजून पाणी ठिबकत होतं.