चिंचोळीतलं जुनं कार्ड

कीर्तीने साऱ्या जगाला एक प्रश्न विचारला, आणि उत्तर आलं ते चिंचोळी एमआयडीसीतून!

प्रश्न तसा साधाच. नेटवर्क कार्डाला कॉम्प्युटरच्या मेमरीत थेट हात घालायचा असेल, तर तेवढ्या जागेची आधी त्याच्या नावाने नोंद करावी लागते. काम झालं की नोंद मोडायची. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कार्ड चालवणारा जो प्रोग्राम असतो, त्या ड्रायव्हरमध्ये ही नोंद करायच्या तीन पद्धती वर्षानुवर्षं साचल्या होत्या. कीर्तीने दोन उडवल्या, एकच ठेवली आणि हा बदल कायम करण्याआधी जगभरच्या प्रोग्रामरांच्या मेलिंग लिस्टवर विचारलं, "जुन्या पद्धती अजून कुणी वापरतं का?" कोण वापरणार, डोंबल!

"आम्ही वापरतो. कृपया काढू नका. — बुद्धभूषण, चिंचोळी, सोलापूर."

सोलापुरातच, सात रस्त्याजवळच्या घरात बसलेली कीर्ती ताडकन उठलीच. ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या परदेशातल्या बाईंनी लगेच अट घातली. या गृहस्थांनी 'तपासलं, चालतं' म्हणून खाली स्वतःचं नाव घातलं तरच बदल घेणार, तेही रविवारपर्यंत. बदल घेतला गेला तर तिची कंपनी कीर्तीला सोलापुरातूनच काम करू देणार होती. नाहीतर गाशा गुंडाळून पुणे!

दुसऱ्याच दिवशी भर उन्हात तिची स्कूटी चिंचोळीतल्या टॉवेलच्या कारखान्यासमोर उभी राहिली.

"तुम्हीच का ते 'काढू नका'?"

"आणि तुम्हीच का त्या 'उडवून टाकू'?" तो हसला. उंच, सावळा, आणि भुवयांवर चक्क कापसाचे तंतू! मागावरच्या कापडाचे फोटो कॅमेरे काढायचे, ते या जुन्या नेटवर्क कार्डांवरून सर्व्हरला जायचे, आणि विणीतली चूक तिथे पकडली जायची. सगळं त्यानेच जुळवलेलं.

"नवी कार्डं का नाही घेत?"

"मालकांना विचारा की! सेकंडहँड आहेत, पण लई गुणी."

तिने तिचा कोड चढवला. पडद्यावर टॉवेल उमटला… अर्धा निळा, अर्धा लाल.

"असला टॉवेल आम्ही विणत नाही, मॅडम," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. कीर्तीला हसूही आलं आणि रडूही.

मग रोजचं येणं सुरू झालं. शेवटी चूक सापडली. कार्डाचं काम संपायच्या आतच तिचा कोड नोंद मोडत होता, आणि त्याच जागेत पुढच्या टॉवेलचा फोटो येऊन बसत होता. "फार घाई करता तुम्ही," तो म्हणाला. "आणि तुम्ही फार रेंगाळता," ती म्हणाली. बोलता बोलता त्याने तिच्या केसांकडे हात नेला, आणि तो मध्येच थांबला. "ते… कापूस आहे." तिनेच तो काढला. हात थांबला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

दुरुस्त कोड चढवला तरी नाव काही येईना. "उद्या अजून एकदा बघू या," हे त्याचं पालुपद. असं करत शनिवार उजाडला. चहा देणाऱ्या मायाक्काने कीर्तीपुढे कप ठेवला.

"अगं बया, आज परत? गुरुवारीच चालू झालं न्हवं का? ह्यानं समद्यास्नी पेढं वाटलं की!"

कीर्तीने कप तसाच ठेवला. "पेढे? आणि मला म्हणता अजून एकदा बघू?"

तो खालमानेने उभा राहिला. "नाव घातलं की तुम्ही यायच्या बंद होणार… म्हणून हात धजत नव्हता."

"उद्यापर्यंत नाव नाही गेलं तर मला पुण्याला जावं लागेल! कळतंय का?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "पुण्याला? हे बोलला नाहीत की…" तो तसाच कीबोर्डशी बसला. तपासलं, चालतं, बुद्धभूषण. मेल गेली. "चुकलं माझं. आता यायची गरज नाही तुम्हाला."

ती तरातरा गेटपर्यंत गेली, स्कूटीला किल्ली लावली… आणि परत आली.

"गरज पहिल्या दिवसापासूनच नव्हती. तुमच्या मशीनला घरबसल्या जोडून हे सगळं करता आलं असतं मला."

"मग एवढ्या उन्हात रोज…?"

"ते शोधा तुम्ही. चुका पकडायचाच धंदा आहे ना तुमचा!"

रविवारी बदल घेतला गेला. पुणे टळलं. घरात सगळे खूश, आणि कीर्ती मात्र खिडकीशी उगाच उभी.

सोमवारी ती पुन्हा चिंचोळीच्या गेटवर होती. हातात डबा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी.

"लॅपटॉप कुठंय?" त्याने विचारलं.

"आणला नाही."

"मग… काम?"

"काम काही नाही. तुझ्याकडे आलेय."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाली होती ती. मग त्याचा हात तिच्या केसांकडे गेला.

"कापूस?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं… आज काहीच नाही," तो म्हणाला. पण हात काही त्याने मागे घेतला नाही.