धरलं म्हणेपर्यंत

मेहुण्याकडून दोन पोती बाजरी आणायची, एवढंच काम होतं. सकाळी निघायचं आणि दिवस मावळायच्या आत पाथर्डीकडच्या आपल्या वस्तीवर परत यायचं. सूर्यभानची बायको झुंबरबाईही गाडीत बसली, कारण नवऱ्याला एकटं सोडायचा तिला धीर होत नव्हता. मुंबईहून येऊन त्याला बावीस दिवस झाले होते आणि बावीस दिवसांत हा बाबा झोपला म्हणून नव्हता. नुसता पडायचा, छपराकडे बघत राहायचा. उजवा हात कायम कमरेशी, मूठ वळलेली, कोपर बाहेर. भाकरीसुद्धा डाव्या हातानं मोडायचा. शेजारपाजारचे म्हणायचे, बाहेरचं लागलंय. अहो, दोन वर्षं खाऱ्या पाण्यावर काढलेल्या माणसाला बाहेरचं नाही तर काय घरचं लागणार!

लढाईचे दिवस होते. आगबोटी सरकारनं नेलेल्या, त्यामुळे शिडाच्या गलबतांची चलती झाली होती. गोदीत हमाली करायला गेलेला सूर्यभान मंगळूरची कौलं वाहणाऱ्या गलबतावर खलाशी झाला, तो असा.

दुपारी पोती लादून गाडी परत निघाली. घर उगवतीला, ऊन पाठीवर. कासरा त्याच्या डाव्या हातात होता.

"द्या तो कासरा इकडं," झुंबर म्हणाली. "डोळं पार खोल गेल्यात तुमचं. मी काय गाडी हाकली न्हाई व्हय कदी?"

"कासऱ्याचं काय न्हाई गं..." तो म्हणाला. "ह्या उजव्या हाताचं हाय."

आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं त्यानं सांगून टाकलं.

गलबतावर अकरा माणसं. सगळी कोकणपट्टीची, हा एकटा घाटी, म्हणून येताजाता चेष्टा. सगळ्यांचा भात एका थाळ्यात, पिण्याचं पाणी करवंटीनं मोजून. कौलांवरच्या पेंढ्यात ओल्या कपड्यानं झोपायचं, मांड्यांना मिठाचे फोड. पण सगळ्यांत वाईट म्हणजे सुकाणूवरचा पहारा. सुकाणूचा लांब दांडा उजव्या मुठीत कमरेशी दाबून उभं राहायचं आणि खालून समुद्र तो असा ओढायचा, की मोटेचा बैल बरा. तिथं एक रीत होती. बदलीचा माणूस यायचा, दांड्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "धरलं." तो शब्द कानावर पडेपर्यंत पहिल्यानं सोडायचं नाही. खुद्द तांडेलानं, म्हणजे गलबताच्या मुख्यानं, सांगितलं तरी नाही. ही रीत त्याला दाऊदचाचा नावाच्या म्हाताऱ्या खलाशानं शिकवली होती. "घाट्या, शब्द मिळाल्याबिगर हात काढायचा नाय हां. लगीन हाय ते!" असं म्हणून तो हसायचा.

मग वादळ लागलं. तीन दिवस कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला दाऊदचाचा बदलीला आला. त्यानं दांड्यावर हात ठेवला, तोंड उघडलं...

"अन् मी सोडला," सूर्यभान म्हणाला. "लई झोप आल्ती गं. म्हनलं, आता म्हनतोयच की त्यो. दांडा उसळला, त्याच्या छातीत बसला... गेला पान्यात. हाक मारायलाबी सवड मिळाली न्हाई त्याला. तवापसनं दांडा हातातनं सुटतच न्हाई माज्या. खालनं वढतंय, आत्ता बी वढतंय. ज्याला द्यायचा, त्योच न्हाई. असाच मरनार मी आता."

झुंबरचे डोळे भरून आले. बावीस दिवस ती देवाला नवस बोलत होती, आणि दुखणं हे निघालं.

"मंग कुनीतरी धरलं म्हनायला पायजे, यवढंच न्हवं?"

"झुंबर, नको... चेष्टा न्हाई ही."

"मी कुटं चेष्टा करते?" तिनं सरकून त्याच्या मुठीपुढं, त्या रिकाम्या जागेत, आपला हात घातला. "हे बघा. धरलं. झोपा आता."

त्याची बोटं एकेक करून उघडली. कासराही हातातून गळाला. तो गाडीच्या कडेला टेकला आणि मेल्यासारखा झोपला.

जाग आली ती डोळ्यांवर ऊन आलं म्हणून. घराकडं चाललेल्या गाडीत ऊन समोरून कसं? तो उठून बसला. रस्ता कुठंच नव्हता. उघड्या माळावरून गाडी नीट मावळतीकडं चालली होती. कासरा खाली धुळीत फरफटत होता. झुंबर उभी होती, एका अंगावर कललेली, उजवा हात कमरेशी, कोपर बाहेर. ती कलली की बैल वळत होते. वाऱ्याला खारट, कुबट वास येत होता.

"झुंबर... आन इकडं." त्यानं तिच्या मुठीवर हात ठेवला. मूठ गारठलेली होती. "धरलं! अगं, धरलं म्हनतोय न्हवं!"

"तुमचं न्हाई ऐकत त्यो," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "म्हनतोय, ह्यानं एकदा सोडल्यालं हाय."

"कोन?... कोन म्हनतंय?"

तिनं नुसती हनुवटी मागं केली.

मागच्या पोत्यावर कुणी बसावं तसा खळगा पडला होता. तरट काळं भिजलं होतं. फळीतून पाणी ठिबकत होतं, आणि त्या साली त्या माळावर प्यायलाही पाणी नव्हतं.

सूर्यभाननं दोन्ही हातांनी तिची बोटं उघडायला बघितली. जीव खाऊन ओढली. एकही बोट हललं नाही. ओरडावं, उडी मारावी, बैलांपुढं आडवं पडावं, सगळं त्याच्या मनात आलं. पण सांगायलाही लाज वाटावी अशी गोष्ट झाली. त्याच्या पापण्या जड झाल्या. बावीस दिवसांची झोप होती ती, अजून पुरती झालीच नव्हती.

"थांब, झुंबर... मी हाय..." तो पुटपुटला.

"झोपा तुमी," ती पुढं बघतच म्हणाली. "मला आता झोप न्हाई येत."

आणि काय सांगायचं, तो झोपला.