कोणी न्हाई, उंदरं हायत

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल त्याने खुशाल हसावं.

पण आमच्या आजोबांसमोर बसून कोणी हसलेलं मी तरी पाहिलं नाही.

साल १९४१. निजामाचं राज्य. परभणीतलं एक हायस्कूल. आजोबा, म्हणजे बन्सीधर, तिथे चपराशी होते. आणि रात्रबित्र नाही हो, गुरुवारची टळटळीत दुपार होती. भुतं अंधाराची वाट बघतात असं ज्याने ठरवलं, त्याने भुतांना विचारलं नसावं.

इंग्रजी शिकवायला दिनकरराव सर होते. पंचविशीच्या आतले. घर गंगाखेडला. घरी आई आणि नवी नवरी, हेमा. त्या काळी सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी शाळा सुटली की सर जे स्टेशनाकडे सुटायचे, ते मागे वळून बघायचे नाहीत. पोरं खुसखुसायची.

मॅट्रिकच्या वर्गाला चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक लागलं होतं. हसवणारं. म्हातारा नवरा तरुण बायकोवर पाळत ठेवायला पेटीत लपतो. घरच्यांना कळतं. ते बाहेरून कडी घालतात. म्हातारा आतून ठोकतो, 'उघडा!' आणि बाहेर सगळे म्हणतात, 'कोणी नाही, उंदीर आहेत.'

पोरं शाळेत उर्दूत शिकणारी, घरी मराठी बोलणारी. हा इंग्रजी विनोद काही त्यांच्या गळी उतरेना. सर म्हणाले, "करूनच बघू. आधी आपल्या बोलीत."

सामानाच्या खोलीत एक मोठी सागवानी पेटी होती. बुडालेल्या नाटक कंपनीच्या लिलावात आलेली. पोरांनी ती वर्गात ओढून आणली. पण आत बसायला एकही तयार होईना.

"भित्रे कुठले!" सर हसले. "म्हातारा मीच होतो. मी कितीबी ओरडलो तरी तुमी हसायचं. तिसऱ्यांदा 'उघडा' म्हणलो की उघडायचं."

सर आत बसले. झाकण पडलं. कडी लागली.

आत जुन्या कापडाचा वास होता. गुडघे छातीला टेकलेले. सरांनी ठोकायला हात उचलला...

टक्... टक्...

त्यांचा हात अजून फळीला लागलाच नव्हता.

"उघडा!"

आवाज सरांचाच होता. तोंड मात्र मिटलेलं होतं.

"कोणी न्हाई, उंदरं हायत!" बाहेर पोरं खदखदून हसली.

सरांच्या मानेवर गार श्वास लागला... अगदी जवळून. सरांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"उघडा!" पुन्हा त्यांचाच आवाज. आणि पुन्हा.

कडी निघाली. उजेड आला. सरांच्या छातीवर पाय देऊन कोणीतरी उठलं. बैलगाडीतून उतरावं तसं सावकाश बाहेर गेलं.

झाकण पडलं.

"शाबास रे!" बाहेर सरांचा आवाज आला. "जमलं की! जावा आता घरी."

कडी पुन्हा लागली.

मग कुठे आतल्या सरांना आवाज फुटला. ते दोन्ही मुठींनी फळ्या बडवायला लागले.

"सर," बाहेर चंद्रभान नावाचा पोरगा म्हणाला, "पेटी अजून वाजायलीय."

"मग काय म्हणायचं?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "कोणी न्हाई, उंदरं हायत!"

वहाणांचे आवाज लांब गेले. दार ओढलं गेलं. उद्या शुक्रवार होता... कोणी येणार नव्हतं.

फळीच्या एका फटीतून हवा येत होती, तेवढ्यावर सर जिवंत राहिले. रात्रभर त्यांना तहान आठवली नाही, भूक आठवली नाही. गंगाखेडची गाडी तेवढी आठवत होती. तिच्यात कोण बसलं असेल? हेमा त्याच्या पायावर पाणी घालत असेल का? ती फसेल का? बिचारी फसणारच. आवाजही तोच की.

शुक्रवारी सकाळी आजोबा शनिवारसाठी रांजण भरून ठेवायला आले. पेटी वाजताना ऐकली आणि कडी काढली.

"सर?" आजोबांच्या हातातली घागर पडली. "काल तर म्याच तुमची पिशवी टेशनावर न्हेली. तुमी गाडीत बसल्यालं बघितलं म्या!"

सरांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "बन्सीधर, माझ्यासंगं चल," एवढंच म्हणाले. पेटीतलं सगळं त्यांनी आजोबांना गाडीत सांगितलं.

गाडी दुपारचीच होती, गंगाखेडला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. गल्लीतली सगळी दारं लक्ष्मीसाठी उघडी होती.

सरांचं तेवढं बंद होतं.

"आईनं असं जन्मात केलं नव्हतं," सर पुटपुटले.

त्यांनी कडी वाजवली. आत हसणं चाललं होतं... ते थांबलं.

"कोण हाय गं, हेमा?" आतून सरांचाच आवाज.

हेमा शाळेची पायरी चढलेली नव्हती. ते नाटक तिच्या कानावरूनही गेलं नव्हतं. पण ती हसत हसत म्हणाली,

"कोणी न्हाई... उंदरं हायत."

म्हातारी आईही हसली.

"हेमा! मी हाय गं! दार उघड!" सर दारावर डोकं आपटायला लागले. आत हसू वाढतच गेलं. आजोबांना राहवेना. त्यांनीही हाक मारली, "माय, म्या बन्सीधर, शाळेतला चपराशी!"

दार लगेच उघडलं. हातात दिवा घेऊन हेमा उभी होती.

"बन्सीधरभाऊ? एकटेच आलात?"

तिच्या मागे पाटावर सर जेवत बसले होते. त्यांनी मान वर केली. हसले.

"या, जेवून जावा."

आजोबांनी शेजारी पाहिलं...

शेजारी कोणी नव्हतं. गल्लीही रिकामी होती.

शनिवारी सर वेळेवर शाळेत आले. नाटक पुरं केलं, पोरं मॅट्रिक पास झाली. फार चांगलं शिकवायचे म्हणतात. आजोबांनी शुक्रवारी उघडी ठेवलेली पेटी मात्र कडी लावलेली होती. आणि वर्ग चालू असताना ती वाजली... टक्... टक्... पोरांनी सरांकडे पाहिलं. सरांनी फक्त पान उलटलं.

तेव्हापासून आजोबा सुट्टी असूनही दर शुक्रवारी शाळेत जायचे. निजामाचं राज्य गेलं, सुट्टी रविवारची झाली, तरी आजोबांचा शुक्रवार चुकला नाही. कडी काढायची, झाकण वर धरायचं आणि हात दुखेपर्यंत म्हणायचं, "या सर. भायेर या."

बाहेर कोणी यायचं नाही. झाकण उघडं ठेवून आजोबा घरी यायचे. पुढच्या शुक्रवारी कडी लागलेलीच असायची.

आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती इमारतही पाडली. पेटी कोणी नेली, मी खूप विचारलं. कोणालाच ठाऊक नाही.

शुक्रवार आला की मला जेवण जात नाही. ती जिथे कुठे असेल... तिथे आता कडी कोण काढत असेल?