खोली चार, आत एक

या, असे दिव्याजवळ सरका. तुम्हाला घाबरवायला नाही बोलावलं. मी व्यापारी माणूस. गिऱ्हाइकाला घाबरवून कुणाचं दुकान चाललंय? फक्त मधेच तो इंटरकॉम वाजला तर उचलू नका.

माझं हे सफरचंदांचं शीतगृह. सहा खोल्या. खोली भरली की दार बंद करायचं आणि आतला प्राणवायू यंत्राने ओढून घ्यायचा, म्हणजे फळ म्हातारं होत नाही. शाळा मी सातवीत सोडली, पण कॉम्प्रेसर कानाने दुरुस्त करतो. एकदा एका शिकलेल्या इंजिनिअरला म्हटलं, "साहेब, पुस्तक जरा बाजूला ठेवा, मशीन खोकतंय ते ऐका." प्रोग्रॅमिंगही तसंच शिकलो, मेहुण्याच्या खांद्यावरून डोकावून.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. खोल्यांचा प्रोग्रॅम त्याने लिहिलेला. आत जाताना दाराशी कार्ड लावायचं, बाहेर येताना पुन्हा लावायचं. प्रोग्रॅम डेटाबेसला, म्हणजे त्या नोंदींच्या वहीला, विचारणार, आत किती? उत्तर शून्य आलं तरच दाराची कडी पडणार आणि हवा ओढली जाणार. मी मात्र कधी कार्ड लावलं नाही. मालकाने स्वतःच्या दाराला कसली ओळख दाखवायची?

आता हा प्रोग्रॅम कसा असतो, तर एक ओळ बदलली तरी तो पुन्हा बांधावा लागतो. त्याला बिल्ड म्हणतात. डेटाबेसशी बोलायला परक्या कुणी लिहिलेली तयार लायब्ररी जोडलेली असते. आमची लायब्ररी भारी संशयी. बांधतानाच डेटाबेसमध्ये डोकावणार, आणि काही जुळलं नाही की एरर देऊन काम अडवणार.

दोन वर्षांपूर्वी मी त्या लायब्ररीची नवी आवृत्ती घातली आणि एक्केचाळीस एरर आल्या. चाळीस निस्तरल्या. शेवटची काही हटेना. 'आत किती' हे विचारायची जुनी रीतच नव्या लायब्ररीतून काढून टाकलेली. इकडे चार नंबरची खोली भरून तयार, फळ तापत चाललेलं. आणि मेहुणा आदल्याच दिवशी म्हणाला होता, "दाजी, प्रोग्रॅम माझा आहे. समोरच्या शीतगृहालाही देणार मी तो."

मी ती ओळ खोडली आणि तिथे शून्य लिहिलं. डेटाबेसला विचारायचंच नाही; उत्तर कायम शून्य. बिल्ड सुरळीत झाला. चार नंबरची कडी पडली.

मेहुणा आत सेन्सर तपासत होता. मला ठाऊक नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. बायकोलाही. यंत्राचा दोष ठरला. डेटाबेसमधली त्याची नोंद मी स्वतः पुसली, कडी पडण्याआधी आत बघायला दाराशी एक माणूस बसवला आणि ती ओळ राहिली ती राहिलीच.

गेल्या महिन्यात बायको म्हणाली, "जुना कॉम्प्युटर मरायला टेकलाय. माझ्या भावाचं काम त्याच्याबरोबर जायला नको. मी एक प्रोग्रॅमर बोलावलाय, तीन वाजता. मी शेजारी बसणार आणि एकेक ओळ वाचून घेणार."

मी एक वाजताच इथे येऊन बसलो. काम साधं होतं. शून्य काढायचं, 'आत किती' नव्या रीतीने विचारायचं, बिल्ड करायचा. जुनी शून्याची ओळ, तारखेसकट, नुसती टीप म्हणून खाली ठेवून दिली. सवय हो, नवा माल हातात आल्याशिवाय जुना फेकवत नाही.

बिल्ड अडला. एकच एरर. 'खोली चार, आत एक.'

डेटाबेस उघडला. मेहुण्याच्या कार्डाची नोंद, वेळ आत्ताची. कार्ड तर घरी, बायकोच्या कपाटात. नोंद पुसली, पुन्हा बिल्ड केला. तीच एरर, तीच नोंद, वेळ पुढची. सात वेळा पुसली. आठव्यांदा बिल्ड करताना इथे सफरचंदांचा वास आला, गोड, जरा आंबूस... चार नंबर त्या दिवसापासून रिकामी आहे, बरं का.

दोन वाजून गेले होते. कार्ड वाचणारा सेन्सरच बिघडला असणार म्हणून चार नंबरला बघायला गेलो. बूट दाराशी काढले, आतले गमबूट घातले. आत कोणी नव्हतं. रिकाम्या रॅका आणि तो वास.

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. बायको होती, प्रोग्रॅमरच्या आधीच येऊन कॉम्प्युटरसमोर बसली होती.

"अहो, हे शून्य कुणी लिहिलं?"

"त्यानेच असेल. तुझ्या भावाने."

मागे कडी पडली. हवा ओढणारं यंत्र गुरगुरायला लागलं.

"अगं, ते बंद कर."

"मी कशालाच हात लावलेला नाही," ती म्हणाली. "तारीख त्याच दिवसाची आहे. शून्य कुणी लिहिलं?"

दिव्याभोवती काळं वर्तुळ दिसायला लागलं. जीभ जड झाली. आणि माझ्या अगदी कानाशी कुणीतरी श्वास घ्यायचा प्रयत्न करत होतं... मी नाही.

"मी लिहिलं," मी म्हणालो. "त्याचे बूट दाराशी होते. मी बघितले होते."

तिकडे इंटरकॉम ठेवल्याचा आवाज आला. मग कडी आपोआप उघडली. मी रांगत बाहेर आलो.

बायको कॉम्प्युटरसमोर बसली होती. बिल्ड झाला होता, एकही एरर नाही. डेटाबेसमध्ये एकच नोंद. खोली चार, आत एक, आणि कार्ड माझं. जे मी आयुष्यात कधी लावलं नाही, ते.

"पुसून टाक ते," मी म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे ना आत."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण वाढते, कपडे काढून ठेवते, बोलत नाही. रोज दुपारी इथे येते, इंटरकॉमवर चार नंबर लावते आणि विचारते, "शून्य कुणी लिहिलं?" मी इथेच बसलेला असतो, या खुर्चीत. आणि आतून माझा आवाज उत्तर देतो. मी लिहिलं. त्याचे बूट दाराशी होते. मग तो धापा टाकतो, दार ठोठावतो, तिला नावाने हाका मारतो. ती हनुवटीखाली हात घेऊन शेवटपर्यंत ऐकते. उघडत नाही.

रोज तेच, शब्दाला शब्द. काल मात्र धापा टाकता टाकता तो थांबला. म्हणाला, "अगं, मी तर इथे आहे... मग तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

आणि बायकोने पहिल्यांदाच मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते बूट माझे नव्हते.