लक्ष्मणरावांचं वजन

वरठीच्या फाटकाजवळच्या दुकानातून टीनाने दोन पेन्सिल सेल घेतले, पर्समध्ये टाकले आणि स्कूटी भंडाऱ्याच्या रस्त्याला लावली. सकाळचे साडेसहा वाजले होते. ती टेक्निशियन होती त्या डायलिसिस सेंटरमधला डिजिटल वजनकाटा कालपासून मुका झाला होता आणि रजेवर गेलेल्या इनचार्ज सरांनी फोनवर तेवढं एकच काम सांगितलं होतं. भुतांना रात्रच लागते, अशी आपली भाबडी समजूत असते. लक्ष्मणरावांना मात्र रात्रीचं जागरण जिवंतपणीही कधी आवडलं नव्हतं.

लक्ष्मणराव म्हणजे चार नंबरच्या बेडचे पेशंट. जवाहरनगरच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासायचं काम केलेले. निवृत्त झाल्यावर किडन्या गेल्या, पण तपासायची खोड काही गेली नाही. वजन करायचे तर दोनदा. सुई टोचून घेण्याआधी बोटातली पितळी अंगठी मशीनच्या कडेवर तीनदा वाजवायचे, थांबायचे, पुन्हा तीनदा वाजवायचे आणि विचारायचे, "पाणी पाह्यलं का, बाई?"

त्यांचं चूक नव्हतं. डायलिसिसच्या एका पाळीत माणसाच्या रक्ताशेजारून शंभरावर लिटर पाणी वाहतं. त्यात क्लोरीन राहिलं तर रक्त आतल्या आत फुटतं. म्हणून रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे आणि पाणी पिवळं झालं की काम बंद ठेवायचं. टीना वैतागायची, पण करायची. लक्ष्मणराव स्वतः नापास व्हायचे ते चहापायी. अंगातलं जादा पाणी निघाल्यावर त्यांचं वजन चोपन्न किलो भरायला हवं होतं, पण दोन वर्षांत काटा चोपन्नला कधी टेकला नाही. आषाढात ते घरीच, झोपेत गेले. "सुटले बाई मी," असं टीना सगळ्यांसमोर म्हणाली आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडली. चार नंबरच्या मशीनची वायर तेव्हापासून काढून ठेवलेली होती.

ती सेंटरमध्ये शिरली तर दारातच नाकाडोंगरीच्या बेबीबाई बसलेल्या. नाल्यावर पाणी चढून रस्ता बंद झाला होता, त्यात त्यांची मागची पाळी हुकली होती. पाय सुजून खांबासारखे झालेले, ओठ काळेनिळे.

"पोरी... लवकर लाव वं माय... छातीवर कोनी बसल्यावानी लागून राह्यलं..."

टीनाची धांदल उडाली. सेल पर्समध्येच राहिले. जुन्या, सुईच्या काट्यावर तिने सकाळच्या पाळीच्या सहाही पेशंटची वजनं उरकली. रजिस्टरमध्ये पाण्याच्या रकान्यात 'ठीक' लिहून टाकलं. रोज ठीकच तर असतं. सगळ्यांत आधी बेबीबाईंना तीन नंबरवर निजवलं, मशीनच्या नळ्या भरल्या आणि सुई हातात घेतली.

तेवढ्यात लाईट गेली.

पावसाळी सकाळ, खिडक्यांना गडद पडदे. सगळी मशीनं एकदम गप्प झाली. बेबीबाईंची धाप तेवढी ऐकू येत होती. आणि मग शेजारून...

टक. टक. टक.

टीनाचा हात जागीच थांबला. पाईप वाजला असेल... तिने मनाला सांगितलं.

टक. टक. टक.

आवाज चार नंबरच्या मशीनमधून येत होता. त्यामागून आल्याच्या कडक चहाचा वास आला, आणि वॉर्डात तर चहाला बंदी. बेबीबाईंनी मान वळवून रिकाम्या बेडकडे पाहिलं. धापा टाकत त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. गावात वडीलधारा पुरुष समोर आला की बाया ओढतात तसा.

"काकू, कोन हाये तिथं?" टीनाने हळूच विचारलं.

"थेच... पानी इचारून राह्यले..."

सुई ट्रेमध्ये टाकून टीना मागच्या पाण्याच्या खोलीकडे धावली. मोबाईलच्या उजेडात नळीत पाणी धरलं, थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळंजर्द झालं. तिने पुन्हा पाहिलं. तेच.

दारात सेंटरचे म्हातारे शिपाई भैयाजी उभे होते, चेहऱ्यावर समाधान.

"पुराचं पानी लय गढूळ आलं ना मॅडम, मनून म्याच टाकीत ब्लिचिंग टाकलं. चांगलं दोन किलो. आमी गावच्या इहिरीत टाकतो ना, तसंच."

फिल्टरलाही न पेलणारं क्लोरीन! तिच्या एका 'ठीक'ने सहा जीव गेले असते. तिला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

पण रडायला वेळ नव्हता. जनरेटर सुरू झाला. डॉक्टरांना फोन करून तिने बेबीबाईंना उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला. भैयाजींनी भरल्या डोळ्यांनी टाकी उपसली, बोअरचं ताजं पाणी घेतलं. फिल्टर धुतले, मशीनं धुतली. नळी पिवळी आली. पुन्हा धुतलं. फिक्की पिवळी. बेबीबाईंचे डोळे मिटायला लागले होते. पुन्हा धुतलं. या खेपेला पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं.

टीनाने नळी प्रत्येक बेडपाशी नेऊन दाखवली. बेबीबाईंनी मोठ्या कष्टाने डोळे उघडले.

"दोनदा पाह्यलं का?"

"दोनदा पाह्यलं, काकू."

आणि मशीन सुरू झालं. दुपारपर्यंत बेबीबाईंच्या अंगातून साडेतीन लिटर पाणी निघालं, ओठांवर रंग आला आणि तोंडही सुरू झालं. "भैयाजी, तुया ब्लिचिंगनं लुगडं धुवाचं, मले नाई!" सगळा वॉर्ड हसला. भैयाजीही हसले, डोळे पुसत. सकाळी सहा जण आले होते, सहाही आपल्या पायांनी घरी गेले. टीनाने 'ठीक' खोडून खरं काय झालं ते लिहिलं, खाली सही केली आणि सरांना स्वतःहून फोन केला. छाती अभिमानाने भरून आली होती, आणि ती तिने भरू दिली.

सामान आवरताना सेल आठवले. पर्समधून काढून ती वजनकाट्यापाशी बसली, तोच काट्याचा पडदा उजळला.

५४.०

वर कोणीच नव्हतं. आल्याच्या चहाचा वास दरवळला. टीनाच्या अंगावर शहारा आला, तरी ती हसली.

"जमलं की, काका," ती पुटपुटली.

आकडा विझला. तिने काटा उलटा करून झाकण काढलं. सेलची जागा रिकामी होती. जुने सेल तिनेच काल काढून फेकले होते, आणि नवे दोन तिच्या मुठीत होते, वेष्टनही न फोडलेले.

तिने काटा हळूच सरळ करून जमिनीवर ठेवला आणि श्वास रोखून वाट पाहिली. लक्ष्मणराव वजन दोनदा करत.

पडदा पुन्हा उजळला.