झीरो-वीस

"हे न्या मॅडम, डोळे मिटून न्या. जाडजूड ऑइल आहे, इंजिनाला गादीच!"

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं पिवळा डबा काउंटरवर आपटला. ती गोंधळून त्या डब्याकडे बघत राहिली. फळीवर असे चाळीसएक डबे होते, लाल, निळे, चंदेरी... आणि प्रत्येकावर वेगळेच आकडे. गाडीतलं तिला चावी आणि आरसा एवढंच कळत होतं. ऑइलबिइल सगळं मामा बघायचा.

"गादी नको हो त्यांना," शेजारून कुणीतरी म्हणालं. "गाडी हायब्रिड आहे त्यांची."

तिनं वळून बघितलं. हातात पंख्याचा पट्टा घेऊन एक उंच, सावळा माणूस उभा होता. बाहेर लावलेली तिची राखाडी गाडी त्यानं दारातून पाहिली असावी.

"म्हणजे... हायब्रिडला वेगळं लागतं?"

तो किंचित पुढे वाकला. तिच्या चेहऱ्याकडे असा टक लावून बघत राहिला, की ती उगाच पदर सावरावा तशी ओढणी सावरत म्हणाली, "वेगळं ऑइल लागतं का, असं विचारतेय मी."

"हां! लागतं. तुमची गाडी घटकेत बॅटरीवर चालते, घटकेत पेट्रोलवर. म्हणजे इंजिन सारखं झोपणार, सारखं उठणार. आणि उठल्या उठल्या ऑइल सगळीकडे पोचायला हवं. हे जाडं ऑइल पांघरूण बाजूला करून, चूळ भरून येईपर्यंत तिकडे लोखंडावर लोखंड घासलेलं असतं. तुम्हाला पातळ हवं. झीरो डब्ल्यू वीस."

"दुकान माझं की तुझं रे?" दुकानदार वैतागला.

"दुकान तुमचं, इंजिन त्यांचं," तो शांतपणे म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. गाडीबरोबर पुस्तक आलेलं असतं, त्यात बघा. ते कंपनीनं लिहिलंय, त्याला काही विकायचं नसतं."

ती गाडीत जाऊन बसली. समोरच्या कप्प्यातलं जाड पुस्तक, मामा गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत तिनं उघडलं नव्हतं. ऑइलच्या पानावर एका आकड्याखाली पेन्सिलीची रेघ होती आणि बाजूला मामाचं तिरपं अक्षर – 'झीरो-वीसच. दुकानदाराचं ऐकू नये.'

तिला एकदम हसू आलं. आणि हसता हसता डोळे कधी भरले, ते कळलंच नाही.

आईवडील गेल्यावर मामानंच तिला वाढवलं होतं. लहानपणी तिच्या तोंडाला खीळ नसायची, म्हणून तो तिला टिटवी म्हणायचा. आता दोन खोल्यांच्या त्या घरात टिटवीशी बोलायला कुणीच उरलं नव्हतं. संध्याकाळी ती आल्या आल्या रेडिओ लावायची. काय लागलंय याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. घरात माणसाचा आवाज हवा, एवढंच.

तिचं काम कान तपासायचं. दिवसभर लोकांना काचेच्या खोलीत बसवून त्यांच्या कानात बारीक आवाज सोडायचे, ऐकू आलं की बटण दाबा म्हणायचं आणि कागदावर खुणा करायच्या. कुणाला किती ऐकू येतं याचा हिशेब तिच्याकडे चोख असायचा. तिचं ऐकणारं मात्र कुणी नव्हतं.

ती गाडीतून उतरली, तेव्हा तो दुकानातून बाहेर पडत होता.

"झीरो-वीसच लिहिलंय," ती म्हणाली.

"मग आणा गाडी. छापखान्याच्या मागच्या उतारावर गॅरेज आहे माझं."

आणि मनातल्या मनात त्याचं नाव तिनं तेव्हाच ठेवून टाकलं – झीरो-वीस.

*

त्यानं बॉनेट उघडलं, ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि तिच्यासमोर धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरकी, चिकट साय साचली होती.

"रोज किती चालवता?"

"घर ते दवाखाना. तीन किलोमीटर."

"आणि मग?"

"दवाखाना ते घर."

"बास?"

"बास."

त्यानं झाकण फडक्यानं पुसलं. "मॅडम, इंजिन तापेपर्यंत तुम्ही पोचलेल्या असता. न तापलेल्या इंजिनात पाणी साचतं, ते ऑइलमध्ये मिसळतं. नुसतं चांगलं ऑइल घालून भागायचं नाही. आठवड्यातून एकदा तासभर मोठ्या रस्त्यानं जाऊन या."

"कुठे?"

"कुठेही. मैत्रिणीकडे, नातेवाइकांकडे..."

ती खाली बघत म्हणाली, "तसं कुणी नाही."

त्यानं पुन्हा तोच पुढे वाकून बघायचा प्रकार केला. "काय म्हणालात?"

"जाईन म्हटलं."

खालच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये जुनं काळं ऑइल धारेनं पडत राहिलं. ती एका उंच स्टुलावर बसून होती. पुढ्यातल्या उतारावर उन्हात कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. वाऱ्यानं त्या फुगत होत्या, बसत होत्या... तिला घाई नव्हती. घरी जाऊन करायचं काय होतं?

"सोमवारी झाकण दाखवायला या," निघताना तो म्हणाला. "साय कमी होतेय का बघू."

मग दर रविवारी ती एकटीच निघू लागली. एकदा धरणापर्यंत गेली, एकदा विटांच्या भट्ट्यांपर्यंत, एकदा नुसतीच दुतर्फा निलगिरी असलेल्या रस्त्यानं. शेजारच्या सीटवर पाण्याची बाटली आणि संत्र्यांची पिशवी. एका वळणावर खाली नदी इतकी सुंदर दिसली, की ती "अय्या, बघ ना!" म्हणून मोकळी झाली... आणि मग पुढचे दहा किलोमीटर तिचं तिलाच कसंतरी झालं.

पण सोमवार यायचा. सोमवारी दवाखान्यातून सुटली की तिची गाडी आपसूक छापखान्याकडे वळायची.

"काल कुठे?" तो झाकण उजेडात धरून विचारायचा.

"भट्ट्यांपर्यंत."

"काय बघितलंत?"

"विटा."

"कमाल आहे! भट्टीवर विटा?"

ती खुदकन हसायची. बोलू लागली की तो हातातला पाना खाली ठेवायचा आणि तिच्याकडे बघत राहायचा. नजर जराही हलायची नाही. आयुष्यात तिचं बोलणं असं जीव ओतून कुणी ऐकलं नव्हतं. साधं "आज गर्दी होती" म्हटलं तरी तो जणू पुढे काय येणार म्हणून श्वास धरून थांबायचा. तिच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. घरी आरशासमोर उभी राहून ती स्वतःलाच दटावायची, 'अगं, झाकण बघतो तो! झाकण!'

तिसऱ्या सोमवारी झाकण लख्ख निघालं.

"आता झाकण दाखवायला यायची गरज नाही ना?" तिनं विचारलं.

"आहे तर! अशी साय लबाड असते. परत येते."

"दर सोमवारी?"

"सोमवारीच जास्त येते," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर रेडिओ लावायचं ती विसरून गेली.

*

सातव्या सोमवारी ती ठरवूनच गेली होती. बोलायचं. फार काही नाही, एकच वाक्य. समोर बघून बोलण्याची छाती होत नव्हती, म्हणून ती पाठमोरी झाली. भिंतीवर टांगलेल्या पट्ट्यांकडे बघत ती म्हणाली, "रविवारी एकटीला फार कंटाळा येतो हो. तुम्ही बरोबर आलात तर... बरं वाटेल मला."

मागून काहीच नाही.

तिनं मनात पाचपर्यंत मोजलं... दहापर्यंत मोजलं. मान खाली गेली. एवढं साधं उत्तरही देऊ नये माणसानं?

ती वळली. तो वाकून पाने पुसत होता. तिची चाहूल लागताच वर बघून हसला. "काही म्हणालात?"

आणि त्या एका क्षणात तिच्या धंद्यानं तिचा घात केला. पाठ फिरवली की ऐकू येत नाही. समोर असली की ओठांवर नजर. 'काय म्हणालात?' दर चौथ्या वाक्याला. वर्षानुवर्षं इंजिनांच्या आणि हवेच्या मशीनच्या गोंगाटात उभा राहिलेला माणूस! अशी माणसं ती रोज तपासत होती. तिच्या कसं लक्षात आलं नाही? कसं येणार? तिला ते प्रेम वाटत होतं ना!

म्हणजे सगळे सोमवार तो नुसते तिचे ओठ वाचत होता.

तिचा चेहरा पेटला. "तुम्हाला कमी ऐकू येतं," ती फटकन बोलून गेली. "कधीपासून?"

बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं पेपरातून डोकं वर काढलं. आधी तिच्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग आपल्या गाडीकडे.

झीरो-वीसनं फडकं नीट घडी करून ठेवलं. "ऑइल बदललंय," तो म्हणाला. "फिल्टर बदललाय. झाकण स्वच्छ आहे. आता वर्षभर यायची गरज नाही, मॅडम."

*

पाच आठवडे गेले. रविवारी ती कुठेच गेली नाही. खिडकीत बसून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघायची. टपावर पिवळी पानं साचली होती, ती झाडायलाही उतरली नाही.

स्वतःच्या वेडगळ समजुतीचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त बोचत होतं ते वेगळंच. माणसाचा असा उणेपणा चारचौघांत काढू नका, त्याला बाजूला घेऊन प्रेमानं सांगा, हे ती रोज पेशंटच्या घरच्यांना बजावत होती. आणि स्वतः काय केलं? इंजिनाचा बिघाड ज्यानं कानानं ओळखायचा, अशा माणसाला त्याच्याच गिऱ्हाइकासमोर उघडं पाडलं. दोनदा ती छापखान्यापर्यंत जाऊन माघारी आली.

सहाव्या आठवड्यात, दुपारच्या यादीतला दुसरा पेशंट दार ढकलून आत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, नखांत मात्र तीच काळी रेघ.

ती खुर्चीतून अर्धवट उठली.

"त्या दिवशीचं गिऱ्हाईक," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "त्याच्या इंजिनात टिकटिक होत होती. मला ऐकू आली नाही. त्याच्या सात वर्षांच्या मुलीला आली. ती म्हणाली, काका, घड्याळ वाजतंय..." तो थांबला. "आधीही कळत होतं मला. मान्य करायचं नव्हतं."

"मी चारचौघांत बोलायला नको होतं."

"खरं तेच बोललात."

"खरं होतं, म्हणूनच हळू बोलायला हवं होतं."

"हळू बोलला असतात तर मला ऐकू आलं नसतं."

दोघंही हसले.

तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. त्याच्या केसांना बोटं लागली तशी तिनं ती झटकन मागे घेतली. बाहेर येऊन स्वतःचे हेडफोन घातले. आधी नुसते सूर झाले. जाडे सूर त्यानं बरोबर ओळखले. बारीक सुरांना त्याचं बोट बटणावर तसंच थांबून राहिलं, आणि तिनं कागदावर खुणा खाली खाली उतरवत नेल्या.

"आता शब्द," ती माइकमध्ये म्हणाली. "मी म्हणेन ते परत म्हणायचं. ओठ दिसणार नाहीत हं." तिनं तोंडासमोर कागद धरला. "पाऊल."

"पाऊल."

"साखर."

"...आखर?"

"फाटक."

"पाटक... नाही, कळलं नाही."

त्याचा आवाज थेट तिच्या कानात येत होता. इतक्या जवळून, की श्वाससुद्धा ऐकू येत होता. पुढचा शब्द शोधायला तिनं यादीवर नजर टाकली, तेवढ्यात तो आपणहून बोलू लागला.

"मॅडम... मी ओठ वाचतो, हे खरंय. पण मग पहिल्या दिवशी जुनं ऑइल काढत होतो, तेव्हा? तुम्ही स्टुलावर बसून त्या चादरी बघत होतात. अर्धा तास. एक अक्षर बोलला नाहीत. मी अर्धा तास तुमच्याकडेच बघत होतो. तेव्हा काय वाचायचं होतं मला?"

तिनं यादीवरून डोळे वर केले.

"मला तुम्ही आवडता," तो म्हणाला. "आता पुढचा शब्द सांगा. म्हणजे मला कळेल, तुम्ही ऐकलंत की नाही."

तिनं माइक बंद केला. तोंडासमोरचा कागद हळूच खाली घेतला. काचेपलीकडे तो पुढे वाकून, श्वास धरून बघत होता. आवाज न करता, सावकाश, ओठ नीट मिटून-उघडून ती म्हणाली...

त्यानं इमानेइतबारे, सांगितलं होतं तसं परत म्हटलं, "मलाही."

आणि मग, आपण काय म्हटलं ते ध्यानात येऊन, तो खुर्चीतून एवढ्या धडपडीनं उठला की हेडफोनच्या वायरीनं त्याला परत खाली बसवलं.

ती पोट धरून हसली. कितीतरी महिन्यांनी असं हसली, आणि हसता हसताच तिनं काचेचं दार उघडलं.

"बसून राहा," ती म्हणाली. "उजवा कान राहिलाय तुझा."