डाव्या बाजूची घूंघूं

माझी बायको शालन गेल्याचं कळलं तो मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. मी अंगणात गाडीची मागची काच पुसत होतो, कारण गुरुवारी तिला कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी आणायचं होतं. फोनवर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग मी बसलोय का ते विचारलं. मी म्हणालो, उभा आहे. त्या म्हणाल्या, बसा. मी गाडीच्या दारात बसलो, मग त्यांनी सांगितलं.

त्यानंतर तेरा दिवस गाडी जागेवरून हलली नाही. भावकीतल्या थोरल्यांनीच तसं सांगितलं होतं. गाडी शालनची, तेव्हा सुतक फिटेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. मीही लावला नाही. पुढचे तीन दिवस मला धीरच झाला नाही. गाडी इतके दिवस उभी ठेवली ही आमची चूक होती, पण ते नंतर कळलं.

ही गोष्ट २०४९ सालची. तोवर आमच्या आजऱ्यातल्या बहुतेक गाड्या आपल्या आपण चालत होत्या. त्यांना स्टिअरिंगच नव्हतं. आमची गाडी विजेवरचीच, पण तेवीस वर्षांची जुनी, माणसानं चालवायची. शालन आरोग्यसेविका होती. निवृत्त झाल्यावरही ती याच गाडीतून उंबराच्या धनगरवाड्यावर औषधं पोचवायची. नव्या गाड्या डांबर संपलं की थांबतात, कारण त्यांच्या नकाशात पुढे रस्ताच नाही. औषधं नेणारी ड्रोन (माणसाशिवाय उडणारी छोटी यंत्रं) घाटातल्या वाऱ्यात भरकटतात. म्हणून गाडी लागायची.

शुक्रवारी सकाळी धनगरवाड्यावरून हौसाबाई झोरेंचा फोन आला. त्यांना साखरेचा आजार आहे. रोज इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं औषध) टोचून घ्यावं लागतं. शालननं दवाखान्यात जाण्याआधी त्यांना महिन्याचं औषध देऊन ठेवलं होतं.

"दादा, तुमच्या घरात दुःख झालंय, मागू नये," त्या म्हणाल्या. "पण दोन वेळचंच राहिलंय. आज रात्रीचं आन् उद्या सकाळचं."

मी म्हणालो, "आजच येतो."

माझी नात केतकी तेव्हा माझ्याकडे होती. वय अकरा. दिवसांना आली होती, सुटी होती म्हणून राहिली. शालननं फ्रीजमध्ये ठेवलेल्या औषधाचा थंड डबा मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली. डब्यातला बर्फ सहा तास टिकणार होता. तेव्हा साडेनऊ वाजले होते.

गाडी गल्लीच्या बाहेर पडली आणि केतकी म्हणाली, "आबा, चाकातून आवाज येतोय."

"मला नाही येत."

"तुम्हाला प्रेशर कुकरची शिट्टीपण येत नाही."

खरं होतं. मी इचलकरंजीत एकतीस वर्षं यंत्रमागावर काम केलं. एका छपराखाली चाळीस माग चालायचे. त्या खडखडाटात माझे कान गेले.

"कसला आवाज?" मी विचारलं.

"दोन आहेत. एक धप, धप असा. दुसरा सारखा घूंघूं करतोय."

शालन दिवाळीपासून सांगत होती, डाव्या बाजूनं घूंघूं येतंय. मी म्हणायचो, तुझेच कान वाजतायत. ती तशीच पुन्हा धनगरवाड्याला जायची. आता त्याच गाडीत मी लेकरू घेऊन घाटाकडे निघालो होतो. उतारावर चाक अडकलं तर?

मी गाडी तालुक्याच्या दुरुस्ती केंद्रात घातली.

तिथे गाड्या तपासायला एक रोबो होता. कमरेएवढा उंच, हातांच्या जागी चिमटे, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना ताटलीएवढे मायक्रोफोन. गावानं त्याचं नाव कानोबा ठेवलं होतं. गाडीचा आवाज ऐकून तो आपल्याजवळच्या लाखो आवाजांशी ताडून बघायचा आणि बिघाड सांगायचा.

त्यानं आमच्याबरोबर केंद्राच्या मैदानाला दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "या जातीच्या गाडीचा आवाज माझ्या संग्रहात नाही. बिघाड सांगता येत नाही. गाडी चालवू नये."

"मग काय करू?" मी विचारलं.

"भंगारात द्यावी. अर्ज मी भरून देतो."

"तुला कुणी विचारलं का अर्जाचं?" केतकी म्हणाली.

"सल्ला विनामूल्य आहे," कानोबा म्हणाला.

केतकी माझ्याकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आबा, आपण नाही गेलो तर त्या आजींचं काय होईल?"

"जायचंच आहे. पण आंधळेपणानं नाही. आधी आवाज कुठला ते शोधू. तुझे कान आणि माझं डोकं. धपधप किती वेळानं येतंय ते मोज."

मी गाडी ताशी सात किलोमीटरवर ठेवली. केतकीनं घड्याळ बघत मोजलं. दहा सेकंदांत दहा वेळा धप झालं.

"म्हणजे सेकंदाला एक," मी म्हणालो. "आता बघ. ताशी सात किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण दोन मीटर. आणि आपल्या चाकाचा घेरही जवळजवळ दोन मीटर."

ती थोडा वेळ बोटांवर हिशेब करत बसली. "म्हणजे चाकाच्या एका फेरीला एक धप. चाकावर एकाच जागी काहीतरी झालंय."

"काय झालं असेल?"

तिनं खाली उतरून चारही टायर चाचपले. पुढच्या उजव्या टायरमध्ये हवा कमी होती आणि एका बाजूला रबर किंचित सपाट झालं होतं. गाडी सोळा दिवस एकाच जागी उभी होती. सगळा भार टायरच्या त्याच भागावर. सारखं एका कुशीवर झोपलं की उशीला खळगा पडतो, तसंच. हवा भरून तीनचार किलोमीटर फिरवल्यावर रबर तापलं, पुन्हा गोल झालं आणि धपधप थांबली.

मला वाटलं, सुटलो. मी डबा नीट ठेवायला सांगितला आणि गाडी रस्त्याला घेतली.

"आबा, घूंघूं तशीच आहे," केतकी म्हणाली. "आणि तुम्ही वेग वाढवला की ती पण वाढतेय."

मी पुन्हा मैदानात वळलो. सव्वाअकरा झाले होते.

"मोटरचा असेल का?" तिनं विचारलं.

"बघू." मी वेग घेतला आणि गिअर न्यूट्रलला (मोटरचा जोर चाकांना मिळत नाही त्या जागी) टाकला. गाडी नुसत्या वेगावर घरंगळत राहिली. घूंघूं थांबली नाही. म्हणजे मोटर नाही. चाकाबरोबर जे फिरतं त्यातच काहीतरी होतं.

मी थांबून तिला समजावलं. चाक ज्या तुकड्यावर फिरतं तिथे बेअरिंग असतं. बेअरिंग म्हणजे दोन पोलादी कड्या, एकात एक, आणि मध्ये गुळगुळीत पोलादी गोळे. वस्तू घासत ओढायला जड जाते, गोळ्यांवरून नेली की हलकी जाते. म्हणून चाक सहज फिरतं. पण कडीला बारीकसा खड्डा पडला, तर प्रत्येक गोळा त्या खड्ड्यावरून जाताना टक् करतो.

"पण मला टकटक नाही ऐकू येत. घूंघूं येतंय."

"सायकलच्या तारांत पुठ्ठ्याचा तुकडा अडकवलाय कधी?"

"हो. बाबा ओरडले होते."

"सायकल हळू चालवली की काय होतं?"

"टक, टक, टक. आणि जोरात चालवली की भर्रर्र." ती थांबली. "अच्छा. टकटक इतकी भरभर होते की वेगळी कळतच नाही. सपाट टायर एका फेरीत एकदाच वाजतो, पण गोळे पुष्कळ असतात."

कानोबा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "विधान योग्य आहे. परंतु बेअरिंग चार आहेत."

"तुझे कान एवढे मोठे आहेत, तूच सांग ना कुठलं," केतकी म्हणाली.

"डावं पुढचं, एक्कावन्न टक्के शक्यता. डावं मागचं, एकोणपन्नास टक्के."

"हे तर नाणं उडवून सांगितल्यासारखंच झालं," ती म्हणाली. "आणि डावंच कशावरून?"

मलाही तेच हवं होतं. मी ताशी तीस ठेवून मैदानात मोठं वळण घेतलं, उजवीकडे. केतकी म्हणाली, आवाज वाढला. मग डावीकडे वळलो. ती म्हणाली, जवळजवळ गेला.

"मग उजवं चाक आहे," ती घाईनं म्हणाली. "उजवीकडे वळताना वाढला."

"एसटीत उभी राहून कधी गेलीस का? एसटी उजवीकडे वळली की तू कुठे कलंडतेस?"

ती जागेवरच अंग झुकवून बघायला लागली. "डावीकडे."

"गाडीचंही तेच होतं. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. भार पडला की दुखणारं बेअरिंग जास्त ओरडतं."

म्हणजे डावी बाजू. शालनही डावीच म्हणाली होती. मी मान फिरवून डाव्या खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

आता पुढचं की मागचं. केंद्रात जुन्या गाड्यांचा एक कोपरा होता. तिथे आमच्याच जातीची एक मोडकी गाडी पडली होती. तिचं एक पुढचं आणि एक मागचं बेअरिंग चांगलं निघेल, असं कानोबा म्हणाला. दोन्ही काढून बसवायला अडीच तास. एक बसवायला सव्वा तास. बारा वाजले होते आणि बर्फ साडेतीनला संपणार होता. घाट उतरून धनगरवाड्याला पोचायला दीड तास लागतो. एकच संधी होती आणि चुकीचं बेअरिंग बदललं असतं तर संपलं.

केतकी म्हणाली, "कानोबा, पुन्हा ऐक ना."

त्यानं गाडीखाली जाऊन ऐकलं. "आता पन्नास आणि पन्नास," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, "तू हवेतला आवाज ऐकतोस का?"

"होय. हवेतूनच."

तिथेच अडचण होती. आवाज म्हणजे थरथर. बेअरिंग थरथरलं की चाकाचा दांडा थरथरतो, मग सगळा पत्रा. स्टीलच्या ताटाच्या एका कडेला चमचा मारला तरी सगळं ताट वाजतं. चमचा कुठे मारला ते लांबून ऐकून सांगता येत नाही.

मागाच्या खात्यात आमचंही असंच व्हायचं. चाळीस माग चालू असताना कान उपयोगाचे नव्हते. माग बिघडला की आमचे जॉबर (माग दुरुस्त करणारे कारागीर) कान लावत नसत, हात लावत. लोखंडावर तळवा ठेवायचा आणि जिथे थरथर सगळ्यात खरखरीत लागेल तिथे शोधायचं. उगमाजवळ थरथर जोरात असते. पुढे जाताना ती विरत जाते.

आम्ही उजव्या चाकांना दगड लावले. कानोबानं डावी बाजू जॅकवर उचलली. चाक लटकतं त्या जागी जाड स्प्रिंग असते. मी पुढच्या स्प्रिंगवर बोटं ठेवली आणि केतकीला चाक हातानं फिरवायला सांगितलं. बोटांना काहीच लागलं नाही. तेल लावलेल्या दोऱ्यासारखं गुळगुळीत.

मग मागच्या स्प्रिंगवर. तिनं चाक फिरवलं आणि बोटांखाली बारीक वाळू सरकल्यासारखं झालं.

"तू ठेव हात," मी म्हणालो. मी चाक फिरवलं.

ती डोळे मिटून उभी राहिली. "मुंग्या आल्यासारखं वाटतंय." मग पुढच्या स्प्रिंगला हात लावून आली. "इथे नाहीत. आबा, मागचंच."

"माझ्या नोंदीत अशी पद्धत नाही," कानोबा म्हणाला.

"आता कर नोंद," केतकी म्हणाली. "आणि तुला हात पण बसवून घे. नुसते कान वाढवून काय होतंय."

"कंपन-संवेदक (थरथर मोजणारा छोटा तुकडा) माझ्या चिमट्यात बसू शकतो. मागणी नोंदवतो," तो म्हणाला. "तक्रार कुणाच्या नावे लिहू?"

"शिफारस म्हण," ती म्हणाली. "केतकी, वय अकरा."

कानोबानं मागचं डावं बेअरिंग काढलं. आतली कडी उन्हात धरली तर तिच्यावर खरजेसारखे डाग पडले होते, दोन गोळे काळवंडले होते. तो म्हणाला, घाटात तापून अडकलं असतं. मी ते बेअरिंग रुमालात बांधून खिशात ठेवलं. ते भंगारात टाकवेना.

मोडक्या गाडीतलं चांगलं बेअरिंग बसवून दीडला निघालो. डांबर संपलं, नव्या गाड्या जिथे माघारी फिरतात ती जागा गेली आणि घाट लागला. मी प्रत्येक उजव्या वळणाला विचारायचो, "येतोय का?" आणि केतकी म्हणायची, "नाही." आठव्या वळणाला म्हणाली, "आबा, तुम्ही समोर बघा. आला तर मी सांगेन."

तीन वाजून पाच मिनिटांनी आम्ही धनगरवाड्याला पोचलो. हौसाबाई दारात उभ्या होत्या. डबा उघडला तेव्हा बर्फाचे लहान खडे शिल्लक होते. त्यांनी औषधाच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवल्या. मग केतकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "बाई सांगत असायच्या, गाडी आवाज करती म्हनून. मी म्हनायचे, नका येऊ. त्या म्हनायच्या, हळू चालवते."

मी खिशातल्या रुमालातलं बेअरिंग चाचपलं. त्यांनी चहा टाकला.

परतताना मी जरा वेग घेतला. एका डाव्या वळणावर केतकीनं मान तिरपी केली. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा. तिसऱ्या वळणावर तिनं माझ्या हाताला हात लावला.

"आबा, बारीक घूंघूं आहे. मोठ्या आवाजाखाली ती दबली होती. डावीकडे वळताना येतेय, म्हणजे उजवी बाजू."

"पुढची की मागची?"

"ते कानांना नाही कळायचं. थांबवा गाडी."

सपाट जागा बघून मी थांबलो. डाव्या चाकांना दगड लावून तिनं स्वतः जॅक फिरवला, स्वतः हात ठेवला आणि मला चाक फिरवायला सांगितलं. दोन्ही स्प्रिंग झाल्यावर म्हणाली, मागचं, पण अजून खूप कमी आहे. मीही हात ठेवून बघितला. तिचं बरोबर होतं. कानोबानं नंतर फोनवर हिशेब करून सांगितलं की दर फेरीआधी हात लावून बघितलं, तर ते दोन महिने चालेल.

त्या मोडक्या गाडीत मागचं चांगलं बेअरिंग एकच होतं, ते आम्ही वापरलं. केतकीनं कोल्हापूर आणि बेळगावच्या जुन्या गाड्यांच्या याद्या मागवल्या आहेत. धनगरवाड्याच्या दोन फेऱ्या तेव्हापासून झाल्या. उजवं मागचं बेअरिंग अजून बदलायचं राहिलं आहे.